सगळे वर?

१

मावशींना कुणी काम विचारलं तर त्या सांगत, "मी कुलपं सांभाळते." विचारणारा हसला की त्याही हसत. केंद्रावरचं मात्र कुणी हसत नसे. त्या कुलपांवर आपली मान शाबूत आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

केंद्र म्हणजे समुद्रकाठची एक दुमजली इमारत. तिच्यासमोर दोन किनारे इतके जवळ येतात की भरतीचं सगळं पाणी त्या फटीतून आत घुसतं आणि ओहोटीला तिथूनच बाहेर पळतं. त्या चिंचोळ्या पट्ट्याला सगळे नळी म्हणत. नळीच्या तळाशी, तीस मीटर खोल, तीन पात्यांचं टर्बाइन बसवलेलं होतं. कागदावर टर्बाइन, बोलण्यात पंखा. पाणी धावलं की पंखा फिरायचा आणि पंखा फिरला की वीज. भरती संपून ओहोटी लागताना, आणि ओहोटी संपून भरती लागताना, नळीतलं पाणी वीसेक मिनिटं जागच्या जागी उभं राहायचं. त्या वेळेला 'थांबा' म्हणत. पंख्यापाशी उतरून काही काम करायचं असेल तर ते थांब्यातच. एरवी त्या पाण्यात उतरणाऱ्याचा पत्ता दोन दिवसांनी भलत्याच किनाऱ्यावर लागला असता.

उतरण्याआधी पंख्याला ब्रेक लावायचा. ब्रेकचा खटका वरच्या मजल्यावर मावशींच्या खोलीत, एका लोखंडी पेटीत. पेटीच्या कडीत सहा भोकांची पट्टी. जो पाण्यात उतरणार त्याने आपलं कुलूप पट्टीत अडकवायचं, चावी जवळ ठेवायची आणि मगच जिना उतरायचा. प्रत्येक कुलपाला एक बिल्ला, बिल्ल्यावर मालकाचा फोटो. पट्टीत एक जरी कुलूप असलं तरी पेटी उघडत नाही. पेटी उघडली नाही तर ब्रेक सुटत नाही, आणि ब्रेक सुटला नाही तर पात्यांमध्ये उभ्या असलेल्या माणसाला धोका नाही. साधा हिशेब.

ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, ही मावशींची काळ्या दगडावरची रेघ. एकदा एक फिटर चावी खिशात टाकून घरी निघून गेला. मावशींनी त्याला फोन करून परत बोलावलं. बिचारा अर्धी दाढी केलेल्या चेहऱ्याने आला, कानाला साबण तसाच. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला. आणि कुलूप काढणाऱ्याला मावशी आधी एक प्रश्न विचारत.

"सगळे वर?"

त्याने म्हणायचं, "सगळे वर." हे म्हटल्याशिवाय चावी फिरवायची नाही. साहेबांनीसुद्धा.

अकरा वर्षांत ह्यात एकदाही चूक झाली नव्हती.

२

जुना पंखा काढून नवा, दुप्पट मोठा पंखा बसवायचं काम सुरू झालं आणि त्यासाठी तळाशी एक अगडबंब काँक्रीटचा पाया सोडला गेला. त्यानंतरच्या आठवड्यात मावशींना पेटीखालच्या फरशीवर पाणी दिसलं.

बशीभर पाणी. त्यांनी वर पाहिलं. छत कोरडं होतं. त्यांनी फडक्याने पुसलं आणि सवयीने फडकं नाकाशी नेलं. समुद्राच्याच वासाचं, पण खोलवरच्या, ऊन न लागलेल्या चिखलाचा वास त्यात होता. डायव्हर वर येतात, कपड्यांतून पाणी ठिबकतं, त्यात काय नवल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग लक्षात आलं की त्या दिवशी कुणी उतरलंच नव्हतं.

तीन दिवसांनी पुन्हा पाणी. ह्या वेळी त्यांनी पट्टीही नीट पाहिली. सहा भोकांपैकी पहिली दोन-तीन वापरून वापरून चकचकीत झाली होती. चौथं, पाचवं कधीमधी. सहावं कुणीच वापरत नसे, कारण सहा जण एकदम कधी उतरतच नसत. त्याच्या आत गंज होता. रोज पट्टी पुसणाऱ्या मावशींना तो गंज पाठ होता.

आता सहावं भोक आतून लख्ख होतं.

मावशींनी त्यात करंगळी घालून पाहिली. कड गुळगुळीत लागली, वर्षानुवर्षं काहीतरी आतबाहेर करत असल्यासारखी. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बराच वेळ नळीचा आवाज ऐकत राहिल्या. पाणी धावत असलं की तो आवाज त्या खोलीत अखंड भरलेला असे. घोंगावणं म्हणावं तर तसं, गुरगुरणं म्हणावं तर तसं. बदलीवर आलेल्या माणसाला महिनाभर झोप लागत नसे आणि जुन्या माणसाला तो ऐकूच येत नसे. मावशींना त्या दिवशी ऐकू आला.

३

कुलूप पहिल्यांदा दिसलं ते एका थांब्यात. दोघं डायव्हर खाली होते. मावशींची लेक आणि तिचा कामावरचा जोडीदार लंबू. पट्टीत दोघांची लाल कुलपं. मावशी वहीत वेळ लिहून वळल्या तर सहाव्या भोकात तिसरं कुलूप.

ते केंद्राच्याच साच्याचं होतं. त्याच कारखान्याचं, त्याच मापाचं. पण त्याचा लाल रंग जाऊन खाली हिरवट काळं काहीतरी उरलं होतं, आणि एका बाजूला समुद्रातल्या खांबांना धरतात तशा बारीक पांढऱ्या शिंपल्यांचा थर धरला होता. पन्नास वर्षं पाण्यात असावं तसं. केंद्र उभं राहून अकराच वर्षं झाली होती. बिल्लाही केंद्राचाच, पण फुगलेला. फोटोच्या जागी फिकट डाग. मावशींनी वाकून पाहिलं. चावी घालायची जागा त्याला नव्हतीच.

त्या दारापर्यंत गेल्या आणि वायरमनला हाक मारली. वायरमन म्हणजे केंद्रावरचा विदूषक. लोकांच्या डब्यात खडे घालणं, साहेबांच्या खुर्चीची चाकं काढणं असले उद्योग त्याचेच. तो येईपर्यंत थांबा संपला होता, पोरं वर आली होती आणि सहावं भोक रिकामं होतं. खाली पाणी.

"हे तुझे धंदे ना?" मावशी म्हणाल्या.

"कसले धंदे, मावशी?"

"जुनं कुलूप. शिंपल्यांचं."

वायरमनने पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "आईशप्पथ नाही. तुमच्या कुलपांची थट्टा करायला मी काय वेडा आहे? माझंही कुलूप असतं की तिथे कधीकधी."

हे खरं होतं. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, आणि वायरमन हसत नसला की खरं बोलत असे.

मावशींनी वहीत लिहिलं, 'सहावं भोक. एक कुलूप. मालक माहीत नाही. काढलं.' लिहून झाल्यावर त्यांना वाटलं, आपल्याला विश्रांतीची गरज आहे. पण खोडलं नाही. वहीत खाडाखोड करायची नाही हाही नियम त्यांचाच होता.

४

नवा पंखा पहिल्यांदा फिरायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी मायलेकींचं वाजलं.

"आई, लंबूचं कुलूप तू एकदा ओढून बघतेस. माझं तीनदा," लेक म्हणाली. "सगळे हसतात."

"हसू देत. दात आहेत म्हणून हसतात."

"मला लाज वाटते. बाकीच्यांवर विश्वास आहे तुझा, माझ्यावरच नाही."

मावशींचे यजमान कोपऱ्यात धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. ते मावशींना म्हणाले, "असं कर, हिलाच कुलूप लाव आणि चावी मला दे. निदान जेवायला तरी वेळेवर येईल."

कुणीच हसलं नाही. लेक ताट उचलून आत गेली. मावशी बसून राहिल्या. सहा वर्षांपूर्वी पोर म्हणाली की मला डायव्हर व्हायचंय, तेव्हा त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. सगळी भीती त्यांनी त्या कुलपात घातली होती आणि ते तीनदा ओढून बघत होत्या. आता तेही पोरीला खुपत होतं. उद्यापासून एकदाच ओढायचं, त्यांनी ठरवलं. पोर मोठी झाली आहे. तिचं ऐकायला हवं.

५

सकाळचा थांबा दहा वाजून दहा मिनिटांनी होता. खालच्या दालनात वरच्या कचेरीतले पाहुणे येऊन बसले होते. पंखा फिरताना पडद्यावर बघायचा, टाळ्या वाजवायच्या आणि जेवून निघायचं असा त्यांचा बेत. साहेब दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होते.

लेक आणि लंबू आले, कुलपं लावली. मावशींनी लंबूचं एकदा ओढलं, लेकीचं एकदा. लेकीने ते पाहिलं. जाताना आईच्या दंडाला हलकेच हात लावून गेली. मावशींना बरं वाटलं.

नळीचा आवाज उतरत उतरत थांबला. त्या शांततेत भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. शेवटचे बोल्ट आवळायचे, पातं उचलायला लावलेला पट्टा सोडवायचा, एवढंच काम होतं. तेरा मिनिटांनी डायव्हरांच्या बोटीवरून निघालेली रबरी होडी धक्क्याला लागली आणि लंबू तसाच ओला धावत जिना चढून आला. हातात दोन चाव्या.

"झालं, मावशी. बोल्ट पक्के. साहेब खाली ओरडतायत, म्हणून मी पुढे आलो. ती बोटीवर सूट काढतेय. तिची चावी दिलीय, म्हणाली, आईला सांग, माझंही काढून टाक."

"तिला येऊ दे."

"येईलच. पण तिने खास सांगितलंय. म्हणाली, आई ऐकते का बघू."

मावशी त्या चावीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनी लंबूला आल्या पावली परत पाठवलं असतं. आदल्या रात्रीचं पोरीचं तोंड त्यांच्या डोळ्यासमोर आलं.

"सगळे वर?"

"सगळे वर," लंबू म्हणाला.

त्याने आपलं कुलूप काढलं. मावशींनी चावी घेतली आणि स्वतःच्या हाताने लेकीचं कुलूप उघडलं. दोन्ही कुलपं त्यांनी मागच्या फळीवर टांगली, वहीत वेळ लिहिली. तेवढ्यात साहेब पेटीची चावी घेऊन आत आले आणि थबकले.

"हे कुणाचं?"

सहाव्या भोकात कुलूप होतं. शिंपल्यांवरून पाणी ओघळत होतं.

६

"दोघंच उतरले होते ना?" साहेब म्हणाले.

"दोघंच."

"मग हे इथे कुणी लावलं? शी, काय घाण आहे. वायरमन! कटर आणा." ते मावशींकडे वळले. "पाणी सुटायला पाच मिनिटं आहेत. पहिल्या लाटेपासून पंखा फिरताना दाखवायचाय मला. खाली सगळे बसलेत."

वायरमन कटर घेऊन दारात आला आणि ते कुलूप बघून तिथेच उभा राहिला. मावशी पेटीच्या पुढे झाल्या. तोंडातून आलं ते नियमाचंच वाक्य.

"कुलूप कापायचं तर आधी बोटीवरची डोकी मोजायची, साहेब."

"मावशी, लंबू इथे उभा आहे, तुमची मुलगी बोटीवर आहे. कसली डोकी मोजायची?"

"नियम आहे. तुमची सही आहे त्याच्यावर."

साहेबांनी दात आवळले आणि वायरलेस उचलला. "बोट, किती जण आहात? पटकन सांगा."

खरखर झाली. मग बोटवाल्याचा आवाज आला. "मी एकटाच आहे, साहेब."

"एकटा? आणि ती?"

"ती परत उतरली की. पट्टा खालीच राहिला म्हणाली, आता आणते. चार-पाच मिनिटं झाली. तुम्हाला लंबूने सांगितलं नाही?"

लंबू भिंतीला टेकला. त्याला माहीत नव्हतं. तो रबरी होडीने बोटीवरून निघाल्यावर ती उतरली होती. साहेबांच्या एका हातात पेटीची चावी होती, ती त्यांनी टेबलावर ठेवली, विस्तव ठेवावा तशी.  फळीवर लेकीचं लाल कुलूप उघडं लटकत होतं. ते त्यांनी उघडलं होतं. ज्या हाताने तीन-तीनदा ओढून पाहिलं, त्याच हाताने.

बाहेर नळी पुन्हा गुरगुरू लागली. पाणी सुटलं होतं. मावशी जड पावलांनी खिडकीपाशी गेल्या, परत पेटीपाशी आल्या. चार मिनिटं गेली, पाच गेली. मावशी पेटीला पाठ लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या पाठीला ते गार कुलूप लागत होतं. त्यांनी ते लागू दिलं. तेवढं एकच काय ते त्यांच्या पोरीच्या आणि त्या पात्यांच्या मध्ये होतं.

"वर आली," वायरलेस म्हणाला. "शिडीला धरलंय. ठीक आहे. सगळे वर."

मावशी खाली बसल्या. रडू आलं ते त्यांनी आवरलं नाही.

७

लेक ब्लँकेट पांघरून मावशींच्या खोलीत बसली होती. ओठ निळे, हातात गरम चहाचा पेला.  तिने लंबूकडे बघितलं.

"तू परत खाली कशाला आलास?"

"मी?" लंबू म्हणाला. "मी इथे होतो."

"खाली पायथ्याशी तू नव्हतास? पाणी गढूळ होतं, मला वाटलं तू." ती थांबली. "पंख्याच्या पायाच्या काँक्रीटखाली कुणीतरी उकरत होतं. मी पट्ट्याचं एक टोक धरलं तर दुसरं टोक त्याच्या हातात. मी ओढलं. सोडेना. मी अंगठा दाखवून विचारलं, ठीक ना? त्याने हात तसाच केला, पण बोटं... मला वाटलं, हा हातमोजे काढून काय करतोय. मग पाणी सुटलं. मला ओढ लागायला हवी होती, पण लागली नाही. ते माझ्या आणि धारेच्या मध्ये उभं होतं. शिडीपर्यंत." तिने चहा खाली ठेवला. "त्याला तो पट्टा हवा होता, आई. मी सोडून दिला."

वायरमनने हातातलं कटर खाली ठेवलं. 

कुलूप अजून सहाव्या भोकातच होतं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला. "आता तर सगळे वर आहेत, मावशी."

"आपले," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"कुलूप आहे म्हणजे त्याचं कुणीतरी खाली आहे. मी दुसरं काही शिकले नाही, साहेब. सकाळी हे नसतं तर?"

 टेबलावरच्या पेटीच्या चावीला साहेबांनी अजून हात लावला नव्हता. "पाहुण्यांना सांगतो, तांत्रिक अडचण," ते शेवटी म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत. त्यापुढे माझ्या हातात नाही."

"तेवढं पुष्कळ आहे," मावशी म्हणाल्या.

८

दुपारचा थांबा सव्वाचारनंतर होता. लेक शेजारच्या खोलीत झोपली होती. मावशी एकट्याच पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या. खिडकीतून पिवळं ऊन फरशीवर आलं होतं. असल्या उजेडात कुणाला भीती वाटत नाही, असं त्या मनाशी म्हणत होत्या.

नळीचा आवाज थांबला.

मग लोखंडी जिन्यावर खालून पाऊल वाजलं. वायरमन असेल. दुसरं पाऊल, ओलं. वायरमनच, बूट भिजले असतील. जिन्याला अठरा पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर तो आवाज थोडा थांबत होता, पायऱ्यांची सवय नसलेल्या माणसासारखा. अठरावी पायरी झाली. दार लोटलेलंच होतं. गार वारा आला आणि त्या चिखलाचा वास.

मावशींनी मान खाली घातली आणि वही उघडली. भीतीने घातली असती तर त्यांनी तसं कबूल केलं असतं. पण त्यांना वाटलं, आलेला पाहुणा आहे, उपकारकर्ता आहे, त्याच्याकडे टक लावून बघू नये. पेन हातात धरलं, पण अक्षर उमटेना.

पट्टीवर धातूचा बारीक आवाज झाला. मावशींच्या टेबलावर चहाची स्टीलची किटली होती. तिच्या पोटात पेटीचं प्रतिबिंब पडत असे. नजर तिकडे जाऊ द्यायची नाही असं ठरवूनही गेली. एक हात दिसला. पांढरा, फार काळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. बोटं लांब. मनगट, मग कोपर. कोपरानंतर अजून एक कोपर.

त्या हाताने कुलूप अलगद उघडलं. चावी नव्हतीच.

आणि मावशींच्या तोंडून, अकरा वर्षांच्या सवयीने निघून गेलं, "सगळे वर?"

हात थांबला.

किती वेळ थांबला हे मावशींना पुढे कधी सांगता आलं नाही. घड्याळ वाजत होतं. कुलूप उघडं, हातात लटकत होतं. पाणी ठिबकत होतं. मग खूप हळू, नाइलाजाने परत लावावं तसं, ते कुलूप पुन्हा सहाव्या भोकात गेलं आणि टक्कन बंद झालं.

पावलं जिना उतरू लागली. वर आली होती त्यापेक्षा सावकाश.

मावशींना ती चाल ओळखीची वाटली. सकाळी, नळी सुटल्यावर, पोर खाली असताना, त्या स्वतः खिडकीपासून पेटीपर्यंत तशाच चालल्या होत्या. भीती होतीच, ती गेली नव्हती. पण तिच्यावर दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. त्या उठल्या, कपाटाच्या तळातून स्वतःचं कुलूप काढलं. अकरा वर्षांत ते एकदाही वापरलं नव्हतं, त्या कधी पाण्यात उतरतच नसत. त्यांनी ते पाचव्या भोकात, त्या कुलपाच्या शेजारी लावलं आणि तीनदा ओढून पाहिलं. वहीत लिहिलं, 'पाचवं भोक, माझं. सहाव्या भोकातलं निघेपर्यंत.' चावी गळ्यात घातली आणि लेकीला उठवून घरी घेऊन गेल्या.

वाटेत लेक म्हणाली, "आई, माझं चुकलं."

"माझंही," मावशी म्हणाल्या. "घरी चल. बाबा जेवायचे थांबलेत."

९

सकाळी आठला मावशी आल्या तेव्हा साहेब आधीच जिन्याच्या तळाशी उभे होते. हातात कटर नव्हतं. "मी वर गेलो नाही," ते म्हणाले. "तुम्ही आधी जा."

पाचव्या भोकात मावशींचं कुलूप होतं. सहावं भोक रिकामं.

भिंतीवरच्या हुकाला काल खाली राहिलेला पट्टा टांगलेला होता, ओला. घडी घातलेली होती, पण तशी घडी केंद्रावर कुणी घालत नसे. जाड विणीचा तो पट्टा चार टन पेलायचा. त्याच्या मधोमध धागे तुटले होते, काहीतरी फार जड उचललं असावं तसे.

मावशी खाली वाकल्या. पेटीखाली फरशीवर पाणी होतं. एक नेहमीचं, बशीएवढं. आणि त्याला अगदी चिकटून दुसरं, वाटीच्या बुडाएवढं.

त्यांनी फडकं उचललं आणि परत ठेवून दिलं. वाळेल ते आपोआप.

"मावशी?" खालून साहेबांनी विचारलं.

 मावशींनी गळ्यातली चावी काढली, आपलं कुलूप उघडलं. खिडकीतून नळी दिसत होती, पाणी धावत होतं, त्यावर कोवळं ऊन होतं. त्यांनी त्या पाण्याला मनापासून म्हटलं, "उपकार झाले." मग जिन्याकडे वळून त्यांनी साहेबांना सांगितलं,

"सगळे वर."